तिठ्यावरचे ज्ञान

आमच्या धर्मग्रामात सणाच्या आदल्या आठवड्यात प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम होतो. सभागृहात आठ-दहा टेबले मांडली जातात. एकेका टेबलाभोवती एक कुटुंब, किंवा दोन शेजारी कुटुंबे मिळून एक संघ. आजोबांपासून नातवापर्यंत सारे एका कागदावर डोके खुपसून बसतात. प्रश्न वाचला जातो, कुजबुज होते, उत्तर लिहिले जाते. वर्षभर एकमेकांशी जेमतेम बोलणारी माणसे त्या दोन तासांत जगातील नद्या, राजधान्या, संत आणि शास्त्रज्ञ यांवर वाद घालतात.

काही वर्षांपूर्वी प्रश्न काढण्याचे काम आमच्याकडे आले. घरच्या कपाटात सामान्यज्ञानाचे एक जुने पुस्तक होते. त्यावर विसंबून आम्ही साठ प्रश्न तयार केले. त्यांपैकी एक प्रश्न असा होता : लोकसभेत राष्ट्रपती अँग्लो-इंडियन समाजाचे जास्तीत जास्त किती सदस्य नेमू शकतात? आमच्या कागदावरचे उत्तर ‘दोन’ असे होते. एका टेबलाने लिहिले : ‘एकही नाही.’ त्या टेबलावरची नववीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, ती तरतूद आता उरलेली नाही.” सभागृह शांत झाले. आम्ही हसून म्हणालो, “प्रश्नकर्त्याचा निर्णय अंतिम,” आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो. तो संघ एका गुणाने हरला.

घरी आल्यावर शोध घेतला. मुलीचे म्हणणे खरे होते. राज्यघटनेच्या ३३१ व्या अनुच्छेदान्वये अशा दोन सदस्यांची नेमणूक करता येत असे. परंतु १०४ व्या घटनादुरुस्तीच्या वेळी त्या तरतुदीला मुदतवाढ मिळाली नाही आणि जानेवारी २०२० मध्ये ती संपुष्टात आली. आमचे पुस्तक त्याहून जुने होते. चूक एका गुणाची होती, तरी ती मनातून जाईना. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा यांच्यामध्ये नेमका कोणता करार असतो, या विचाराने आम्ही या खेळाचा इतिहास चाळू लागलो. जे सापडले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

यक्षाचे सरोवर, शमशोनाची मेजवानी

प्रश्न विचारून माणसाची परीक्षा घेण्याची रीत फार प्राचीन आहे. महाभारताच्या वनपर्वात यक्ष सरोवराच्या काठी पांडवांना अडवतो. चौघे भाऊ त्याचे न ऐकता पाणी पितात आणि कोसळतात. युधिष्ठिर मात्र थांबतो, प्रश्न ऐकून घेतो, उत्तरे देतो आणि भावांचे प्राण परत मिळवतो. अवघड प्रश्नाला मराठीत आजही आपण ‘यक्षप्रश्न’ म्हणतो. या कथेतील यक्ष कठोर आहे, पण न्यायी आहे. उत्तरे पटली तेव्हा त्याने दिलेला शब्द पाळला.

बायबलमधील ‘शास्ते’ या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात याच्या नेमका उलट प्रसंग आहे. शमशोन आपल्या लग्नाच्या मेजवानीत तीस सोबत्यांना कोडे घालतो. मुदत सात दिवसांची आणि पैज तीस तागाच्या वस्त्रांची व तीस पोशाखांची. कोडे असते सिंहाच्या कलेवरात सापडलेल्या मधाविषयीचे. तो मध त्याने एकट्याने पाहिला होता. त्यामुळे त्याच्याखेरीज कोणालाही ते कोडे सुटणे शक्य नव्हते. सोबत्यांनीही मग घर जाळण्याची धमकी देऊन वधूकरवी उत्तर काढून घेतले. पैज फेडण्यासाठी शमशोनाने अश्कलोनात तीस माणसांचे प्राण घेतले. विचारणाऱ्याने अन्याय्य प्रश्न विचारला आणि उत्तर देणाऱ्यांनी उत्तर चोरले. मेजवानीतल्या गमतीचा शेवट रक्तपातात झाला.

शब्दांच्या जन्मकथा

आपला ‘प्रश्नमंजूषा’ हा शब्द मोठा सुरेख आहे. मंजूषा म्हणजे मौल्यवान वस्तू ठेवण्याची पेटी. इंग्रजीतील ‘क्विझ’ शब्दाचे कूळ मात्र धूसर आहे. डब्लिनमधील रिचर्ड डेली या नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाने एका दिवसात एक निरर्थक शब्द शहरभर करून दाखवण्याची पैज मारली आणि रातोरात भिंतींवर तो शब्द खडूने लिहविला, अशी एक गोष्ट सांगितली जाते. ही घटना १७९१ सालची म्हणतात. परंतु ‘विचित्र माणूस’ या अर्थाने हा शब्द त्याआधीच, १७८० च्या दशकात, इंग्रजी लिखाणात आढळतो. म्हणजे प्रश्नमंजूषेत हमखास विचारली जाणारी ही जन्मकथाच तपासणीत टिकत नाही. प्रश्नोत्तरांच्या चाचणीचा अर्थ या शब्दाला चिकटला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अमेरिकेत.

दुसरा शब्द आहे ‘ट्रिव्हिया’. या खेळातील किरकोळ माहितीला इंग्रजीत हे नाव आहे. त्याचे मूळ लॅटिनमध्ये : ‘त्रि’ म्हणजे तीन आणि ‘विया’ म्हणजे वाट. तीन वाटा जिथे मिळतात तो तिठा. तिठ्यावर कोणीही कोणाला भेटावे आणि कोणत्याही विषयावर बोलावे. म्हणून जे सर्वांना सहज मिळते ते ‘त्रिवियालिस’. मध्ययुगीन युरोपातील शाळांत याच शब्दाला दुसरा अर्थ लाभला. व्याकरण, तर्कशास्त्र आणि वक्तृत्वशास्त्र या तीन पायाभूत विषयांना ‘त्रिवियम’ म्हणत. ते झाल्यावर अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्र हे चार विषय शिकवले जात. तिठ्यावरच्या गप्पा आणि विद्येचा पाया या दोन्हींना एकच शब्द असावा, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

लंडनमध्ये कॉफीगृहे भरभराटीला आली तेव्हा हा तिठा तिथे अवतरला. १६९१ साली जॉन डंटन या प्रकाशकाने ‘अथीनियन मर्क्युरी’ नावाचे पत्र सुरू केले. वाचकांनी कोणत्याही विषयावर प्रश्न पाठवावा आणि मंडळाने त्याचे उत्तर छापावे, अशी त्याची योजना होती. धर्म, विज्ञान, विवाह, समुद्राची भरती, काहीही चाले. प्रश्न पाठवण्याचा पत्ता एका कॉफीगृहाचा होता आणि विचारणाऱ्याचे नाव छापले जात नसे. ज्यांना विद्यापीठाचे दार कधीच उघडणार नव्हते त्यांनाही आता प्रश्न विचारता येऊ लागला.

नभोवाणीचे युग

विसाव्या शतकात प्रश्नोत्तरांचा उघडउघड खेळ झाला. १९२७ साली अमेरिकेत ‘आस्क मी अनदर’ हे प्रश्नांचे पुस्तक निघाले आणि घरोघरी लोक जेवणानंतर एकमेकांची परीक्षा घेऊ लागले. १९३६ मध्ये ‘प्रोफेसर क्विझ’ हा कार्यक्रम अमेरिकन नभोवाणीवर आला. १९३८ साली सुरू झालेल्या ‘इन्फर्मेशन प्लीज’ने तर परीक्षेची दिशाच फिरवली. त्यात श्रोते प्रश्न पाठवीत आणि विद्वानांचे मंडळ उत्तरे देई. विद्वान अडले, तर बक्षीस श्रोत्याला मिळे. १९४० पासून ‘क्विझ किड्स’ या कार्यक्रमात मुले उत्तरे देऊ लागली. त्यांपैकी जेम्स वॉटसन नावाच्या शिकागोच्या एका मुलाने पुढे, १९५३ साली, फ्रान्सिस क्रिक यांच्याबरोबर डीएनएची रचना उलगडली.

या काळात बक्षिसे लहान होती. ऐकणाऱ्याला आनंद मिळे तो उत्तर आपल्याला आधी सुचल्याचा. दूरचित्रवाणी आली, जाहिरातदार आले आणि रकमा फुगल्या. १९५५ च्या जूनमध्ये अमेरिकेत ‘चौसष्ट हजार डॉलरचा प्रश्न’ हा कार्यक्रम सुरू झाला. पुढच्या वर्षी ‘ट्वेंटी-वन’ आला. त्यात दोन स्पर्धक काचेच्या बंद कक्षांत उभे राहत, कानांवर श्रवणयंत्रे लावलेली असत, आणि लक्षावधी घरांतून लोक श्वास रोखून पाहत.

मार्टीचा प्रश्न

‘ट्वेंटी-वन’मध्ये हर्बर्ट स्टेम्पेल नावाचा न्यूयॉर्कचा एक विद्यार्थी आठवड्यामागून आठवडे जिंकत होता. त्याची स्मरणशक्ती खरोखरच अफाट होती. परंतु निर्माते त्याला प्रश्न आणि उत्तरे आधीच पुरवीत. घाम कसा टिपावा, अडखळावे कधी, हेही शिकवीत. प्रेक्षकांचा त्याच्यातील रस कमी होऊ लागला तसा निर्मात्यांनी त्याला हरवण्याचा निर्णय घेतला. त्याच्या जागी त्यांना हवा होता चार्ल्स व्हॅन डोरेन : कोलंबिया विद्यापीठातील देखणा तरुण अध्यापक, पुलित्झर पारितोषिक मिळवणारे कवी मार्क व्हॅन डोरेन यांचा पुत्र.

५ डिसेंबर १९५६ च्या रात्री स्टेम्पेलला विचारण्यात आले : १९५५ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर कोणत्या चित्रपटाला मिळाले? उत्तर होते ‘मार्टी’. क्वीन्समध्ये राहणाऱ्या स्टेम्पेलने तो चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिला होता. तो त्याचा आवडता चित्रपट होता. तरी ठरल्याप्रमाणे त्याने ‘ऑन द वॉटरफ्रंट’ असे चुकीचे उत्तर दिले. ठाऊक असलेले उत्तर साऱ्या देशासमोर गिळून टाकावे लागणे, याची बोच पुढे त्याला स्वस्थ बसू देईना.

व्हॅन डोरेन जिंकू लागला. त्याच्या नावावर १ लाख २९ हजार डॉलर जमा झाले, नियतकालिकांच्या मुखपृष्ठांवर त्याची छबी झळकली, शिक्षक त्याचा दाखला देऊ लागले. त्यालाही उत्तरे आधी मिळत होती. स्टेम्पेलने तक्रार केली तेव्हा प्रथम कोणी विश्वास ठेवला नाही. हरलेल्याचा मत्सर म्हणून ती बाजूला सारली गेली. पुरावा दिला तो जेम्स स्नॉडग्रास या दुसऱ्या स्पर्धकाने. कार्यक्रमाआधी मिळालेले प्रश्न आणि उत्तरे त्याने लिहून, पाकिटात घालून, नोंदणीकृत टपालाने स्वतःच्याच पत्त्यावर पाठवली होती. ती मोहोरबंद पाकिटे चौकशी समितीपुढे उघडली गेली. न्यूयॉर्कच्या ग्रँड ज्युरीपुढे शपथेवर आलेल्या सुमारे दीडशे साक्षीदारांपैकी जेमतेम पन्नास जण खरे बोलले असावेत, असा अंदाज सरकारी वकील फ्रँक होगन यांनी व्यक्त केला.

२ नोव्हेंबर १९५९ रोजी व्हॅन डोरेनने अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे सारे कबूल केले. विद्यापीठातील जागा गेली, दूरचित्रवाणीवरील नोकरी गेली. १९६० साली कायदा होऊन अशा स्पर्धांतील लबाडी हा गुन्हा ठरला. आम्हांस मात्र विशेष वाटते ते हे, की पैसे बुडाले म्हणून लोक संतापले नव्हते. प्रेक्षकांचा एक छदामही गेला नव्हता. त्यांनी त्या बंद कक्षातील माणसांबरोबर घरी बसून उत्तरे शोधली होती. ती सोबत खोटी निघाली, याचे त्यांना दुःख झाले.

ब्रिटनमधील टेबले

ब्रिटनने दुसरी वाट धरली. तेथे बक्षिसे दीर्घकाळ क्षुल्लकच राहिली. बीबीसीचा ‘मास्टरमाइंड’ हा कार्यक्रम १९७२ साली सुरू झाला. त्याचे जनक बिल राइट हे दुसऱ्या महायुद्धात वायुदलात होते आणि जर्मनांच्या कैदेत सापडले होते. नाव, हुद्दा, क्रमांक, एवढ्याच प्रश्नांची उत्तरे देण्यास युद्धकैदी बांधील असतो. त्या चौकशीच्या आठवणीतून काळोखातली एकटी खुर्ची आणि तिच्यावर पडणारा प्रकाशझोत ही कल्पना त्यांना सुचली. विजेत्याला मिळे काचेचे एक पात्र. १९८० साली ते फ्रेड हाऊसगो नावाच्या लंडनच्या टॅक्सीचालकाने जिंकले आणि १९८३ साली ख्रिस्तोफर ह्यूज या भुयारी रेल्वेच्या चालकाने. वाहन हाकणाऱ्याच्या घरीही ग्रंथ वाचले जातात, हे त्या देशाला खुर्चीवरच्या प्रकाशझोतात दिसले.

याच दशकात हा खेळ पबमध्ये शिरला. पब म्हणजे ‘पब्लिक हाऊस’. तेथे मद्य मिळते हे उघडच आहे, आणि मद्याने किती घरे पोखरली हे आपल्याला सांगायला नको. तथापि इंग्लंडच्या खेड्यात पब ही गावाची चावडीही असते. तेथे शिळोप्याच्या गप्पा होतात, क्लबांच्या सभा भरतात, वर्गण्या गोळा होतात. प्रश्नोत्तरांच्या चढाओढी काही पबांत पूर्वीही होत. परंतु १९७६ साली शॅरन बर्न्स आणि टॉम पोर्टर या दोघांनी दक्षिण इंग्लंडात त्यांची पद्धतशीर बांधणी केली. आरंभी ३२ संघ होते. आठवड्यातील ज्या रात्री गिऱ्हाईक कमी, त्या रात्री लोकांना घराबाहेर काढावे, हा व्यावसायिक हेतू त्यामागे होता. थोड्याच वर्षांत ही चाल देशभर पसरली.

पबमधील प्रश्नमंजूषेची रीत साधी असते. चार ते सहा जणांचा संघ एका टेबलाशी बसतो. प्रवेशासाठी माणशी किरकोळ रक्कम घेतात आणि त्याच रकमेतून बक्षीस देतात. प्रश्नकर्ता मोठ्याने प्रश्न वाचतो. इतिहास, भूगोल, खेळ, संगीत, चालू घडामोडी अशा फेऱ्या असतात. फेरी संपली की उत्तरपत्रिका शेजारच्या टेबलाला तपासायला देतात. हा शेवटचा नियम आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. ज्याच्याशी आपली स्पर्धा आहे त्याच्याच हाती आपला कागद सोपवायचा आणि त्याने प्रामाणिकपणे गुण द्यायचे. या खेळाला पंच नसतो, पहारेकरीही नसतो. बाजूला असतात ते शेजारी, आणि उद्या सकाळी रस्त्यात त्यांचीच गाठ पडायची असते.

खोटे नाव, खरा खटला

उत्तर देणाऱ्याची सचोटी जितकी महत्त्वाची, तितकीच विचारणाऱ्याचीही. याचे एक मौजेचे उदाहरण कॅनडातील ‘ट्रिव्हियल परस्यूट’ या खेळाच्या इतिहासात सापडते. १९७९ च्या डिसेंबरमध्ये माँट्रियल शहरात ख्रिस हेनी आणि स्कॉट अबट हे दोन पत्रकार ‘स्क्रॅबल’ खेळायला बसले. पाहतात तो त्याच्या काही सोंगट्या हरवलेल्या. तेव्हा त्यांनी स्वतःचाच खेळ रचला. सोंगटी फिरवायची आणि प्रश्नाचे उत्तर देऊन पुढे जायचे. १९८४ साली एकट्या उत्तर अमेरिकेत त्याचे सुमारे दोन कोटी संच विकले गेले.

त्याच वर्षी फ्रेड वर्थ या लेखकाने त्यांच्यावर ३० कोटी डॉलरचा दावा लावला. वर्थ यांनी किरकोळ माहितीचे कोश रचले होते. दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध गुप्तहेर कोलंबो याचे पहिले नाव मालिकेत कधी उच्चारले जात नसे. वर्थ यांनी आपल्या कोशात ‘फिलिप’ असे नाव स्वतःच रचून घातले होते. कोणी मजकूर उचलला तर चोरी पकडता यावी म्हणून लावलेला तो सापळा होता. आणि खेळाच्या एका प्रश्नपत्त्यावर उत्तर छापले होते : ‘फिलिप’. खेळाच्या निर्मात्यांनी इतर ग्रंथांबरोबर वर्थ यांचे कोश वापरल्याचे कबूल केले. परंतु माहितीवर कोणाची मालकी असू शकत नाही, म्हणून न्यायालयाने दावा फेटाळला.

कायद्याच्या दृष्टीने तो निकाल योग्यच आहे. पण वाचकहो, क्षणभर त्या टेबलांचा विचार करावा जिथे कोणी ‘फिलिप’ म्हटले आणि त्याला गुण मिळाला, आणि कोणी ‘त्याचे नाव कधी सांगितलेलेच नाही’ असे म्हटले आणि त्याला शून्य मिळाले. त्या दुसऱ्या माणसाचे आमच्या सभागृहातील मुलीशी नाते आहे. आम्ही सापळा लावला नव्हता हे खरे; पण जुन्या पुस्तकातून उत्तर उचलून ते पडताळून न पाहण्याची चूक आमची आणि त्या निर्मात्यांची सारखीच होती.

कलकत्त्याचे चर्च

भारतातील प्रश्नमंजूषेचा उगम शोधताना आम्ही एका अनपेक्षित जागी येऊन पोचलो. आपल्या देशातील पहिली रीतसर खुली प्रश्नमंजूषा १९६७ साली कलकत्त्यात झाली, असे मानले जाते. ती झाली पार्क सर्कस भागातील ख्रिस्त राजा चर्चच्या सभागृहात. म्हणजे कोणतेही विद्यापीठ किंवा आलिशान हॉटेल यांच्या आधी हा मान एका धर्मग्रामाच्या सभागृहाला मिळाला. प्रश्नकर्ते होते नील ओब्रायन. १९३४ साली जन्मलेले हे अँग्लो-इंडियन गृहस्थ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या भारतातील शाखेत मोठ्या पदावर होते. पुढे आयसीएसई परीक्षा घेणाऱ्या मंडळाचे ते अध्यक्षही झाले. भारतीय प्रश्नमंजूषेचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. २०१६ साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्या चरित्रातील एक तपशील वाचून आम्ही थबकलो. नील ओब्रायन हे अकराव्या लोकसभेचे सदस्य होते. आणि ते अँग्लो-इंडियन समाजाचे प्रतिनिधी म्हणून राष्ट्रपतींनी नेमलेले सदस्य होते. ज्या दोन जागांविषयी आम्ही प्रश्न विचारला, त्यांपैकीच एका जागेवर भारतातील प्रश्नमंजूषेचा आद्य प्रवर्तक बसला होता. त्यांच्या हयातीत आमचे उत्तर बरोबर ठरले असते.

पुढील इतिहास बहुतेकांच्या आठवणीतला आहे. मुंबईचे हमीद सयानी यांनी १९७२ पासून शाळकरी मुलांसाठी ‘बोर्नव्हिटा क्विझ काँटेस्ट’ चालवली; १९७५ साली त्यांचे निधन झाल्यावर धाकटे बंधू अमीन सयानी यांनी ती धुरा घेतली. नभोवाणीसंचाभोवती कोंडाळे करून बसलेली भावंडे ‘बझर’ वाजण्याआधी उत्तर देण्याची चढाओढ करीत, हे चित्र अनेक घरांत होते. १९९० च्या दशकात हाच कार्यक्रम दूरचित्रवाणीवर आला तेव्हा त्याचे प्रश्नकर्ते होते नील ओब्रायन यांचे पुत्र डेरेक. १९८३ मध्ये बंगळुरात कर्नाटक क्विझ असोसिएशन स्थापन झाली. १९८५ मध्ये सिद्धार्थ बसू यांचा ‘क्विझ टाइम’ दूरदर्शनवर दिसू लागला.

३ जुलै २००० रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाला आणि प्रश्नमंजूषेला पुन्हा मोठ्या रकमेची जोड मिळाली. त्याच वर्षी मुंबईचा हर्षवर्धन नवाथे हा मराठी तरुण पहिला करोडपती ठरला. त्याचा अखेरचा प्रश्नही राज्यघटनेवरच होता : संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा कोणाला आहे? उत्तर : महान्यायवादी. २०१३ साली सचिन खेडेकर यांच्या सूत्रसंचालनाखाली हाच खेळ मराठीतही आला. ज्या ब्रिटिश कार्यक्रमावरून हे सारे बेतले, त्यात २००१ साली एका लष्करी मेजरने साथीदाराच्या खोकल्याच्या इशाऱ्यांवर दहा लाख पौंड जिंकले आणि २००३ मध्ये न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. रक्कम मोठी झाली की शमशोनाच्या सोबत्यांचे वंशज येऊन पोचतात.

उत्तरांचे आयुष्य

आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. ज्या उत्तरासाठी पूर्वी ग्रंथालय गाठावे लागे, ते टेबलाखाली हात नेऊन क्षणात मिळते. मग हा खेळ कशासाठी खेळायचा, असे तरुण मंडळी विचारतात. आम्हांस वाटते, या खेळातील मोलाची गोष्ट कधीच केवळ माहिती नव्हती. आजोबांना १९७१ चे युद्ध आठवते, आईला चित्रपटगीते, नातवाला फुटबॉल. एका कागदासाठी तिघांना एकमेकांची गरज पडते. मोबाइल खिशातच ठेवण्याचे वचन पाळले, तरच ही गरज उरते. अर्थात हे वचन दोन्ही बाजूंना बांधील आहे.

प्रश्नकर्त्याने दोन गोष्टी जपाव्यात. पहिली, शब्दांची नेमकेपणा. ‘भारताचे पहिले संत कोण?’ असे विचारले की आपण वसईकर १८६२ साली संतपदी पोचलेल्या गोन्सालो गार्सिया यांचे नाव अभिमानाने घेतो; ‘पहिली भारतीय स्त्री संत’ म्हटले तर उत्तर २००८ सालच्या संत अल्फोन्सा, आणि ‘पहिले भारतीय प्रापंचिक संत’ म्हटले तर २०२२ सालचे संत देवसहायम. एका विशेषणाने उत्तर दीडशे वर्षे सरकते. दुसरी गोष्ट, उत्तराचे वय. जपमाळेची रहस्ये पूर्वी पंधरा होती. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ साली प्रकाशाची पाच रहस्ये जोडल्यावर ती वीस झाली. सूर्यमालेतील ग्रह नऊ होते. २००६ पासून आठ मानले जातात. उत्तरेही म्हातारी होतात, आणि ती झाली आहेत हे पुष्कळदा घरातल्या सर्वांत धाकट्याला आधी कळते.

‘प्रश्नकर्त्याचा निर्णय अंतिम’ हा नियम खेळ अडू नये म्हणून केलेला आहे. त्या रात्री आम्ही त्याच्या आड लपलो. पुढच्या वर्षी सणाच्या आठवड्यात पुन्हा टेबले मांडली गेली तेव्हा पहिला प्रश्न वाचण्याआधी आम्ही मागील वर्षीची चूक सभागृहासमोर सांगितली, घटनादुरुस्तीचे वर्ष सांगितले आणि त्या संघाला त्याचा गुण दिला. निकाल बरोबरीचा झाला. आदल्या वर्षीच्या विजेत्यांनी आनंदाने टाळ्या वाजवल्या; बक्षिसाचा केक तर त्यांनी केव्हाच संपवला होता, म्हणून त्यांच्या घरच्या आजींनी दुसरा करून पाठवण्याचे कबूल केले आणि तो पाठवलाही.

मुलगी तेव्हा दहावीत गेली होती. कार्यक्रम संपल्यावर ती जवळ आली आणि म्हणाली, “सर, या वेळचा तेराव्या प्रश्नाचा शब्दही जरा तपासा.” आम्ही तपासला. तिचे बरोबर होते. यंदाचे प्रश्न छापण्याआधी तिला दाखवायचे, असे आम्ही ठरवले आहे. फक्त त्या वर्षी तिला खेळता येणार नाही, म्हणून ती अजून विचार करते आहे.